ग्लास कोणता?

"एक ग्लास," यादवकाका निंबार्ते म्हणाले आणि माझ्या लिहिण्यात चूक होऊ नये म्हणून त्यांनी एक बोटही वर केलं.

"एकच?"

"एकच. दुसऱ्याले हात नाई लावत. विचार कोणालेही."

मी दुसऱ्या प्रश्नासमोरच्या पहिल्याच चौकटीत खूण केली. काका ओसरीवरच्या बाजेवर मांडी घालून बसले होते. त्यांच्या मागे दारात सुलोचनाकाकू उभ्या होत्या आणि एकटक छताकडे पाहत होत्या. वर पाल असेल, असं मला वाटलं.

"आता पुढचा प्रश्न ऐका. गेल्या वर्षभरात, मद्यपान सुरू केल्यानंतर ते थांबवणे आपणांस अशक्य होत असल्याचे आपल्या किती वेळा निदर्शनास आले?"

काकांनी बराच विचार केला. "हे मराठी होय का?"

"हो, काका."

"कोणाची?"

"नागपूरच्या मॅडमची."

"मंग नाई आलं निदर्शनास," काका म्हणाले. "लिही."

मी लिहिलं. दहा प्रश्न झाले, बेरीज केली. चार. चाळीसपैकी चार. यादवकाका रोज संध्याकाळी घरी येताना रस्त्याच्या दोन्ही कडेच्या घरांना सारखाच न्याय देत चालत, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. माझ्या कागदावर मात्र ते जवळजवळ संत ठरले होते. मी आभार मानले, काकूंनी दिलेला चहा प्यायले आणि पुढच्या घरी गेले.

याला आता बावीस वर्षं झाली. समाजकार्याची पदवी घेऊन मी नुकतीच नागपुरात एका प्रकल्पावर लागले होते. काम सोपं होतं. दारूबद्दलचे दहा प्रश्न, प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण. बेरीज आठच्या वर गेली की त्या माणसाला डॉक्टरची गरज आहे, असं समजायचं. पाच गावांत अशी पाहणी होणार होती आणि ज्या दोन गावांत गरज जास्त दिसेल, तिथे दर मंगळवारी डॉक्टर येऊन बसणार होते. औषध फुकट आणि बोलायला माणूस. वैनगंगेकाठचं आमचं गाव त्या पाचांत होतं. ते माझंच गाव म्हणून माझ्याकडे दिलं गेलं. यादीतली पंचवीस घरं, मुदत शनिवारपर्यंत.

पहिल्या दिवशी अकरा घरं झाली आणि मी खुशीत बाबांच्या दुकानात गेले.

आमचं भांड्यांचं दुकान होतं. गावात पितळेचं काम पिढ्यान्‌पिढ्यांचं. बाबा भांडी विकत आणि भांड्यांवर नावं घालत. लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, आहेराच्या प्रत्येक भांड्यावर कोणी कोणाला कधी दिलं ते कोरलं गेलंच पाहिजे, हा आमच्याकडचा रिवाज. पुढे विजेवर चालणारी यंत्रं आली, पण बाबांनी छिन्नी-हातोडी सोडली नाही. ठिपक्याला ठिपका लावून ते अक्षर काढत. "ज्यावर नाव नाई, ते भांडं कोणाचंच नाई," असं म्हणत. आमच्या घरातल्या चमच्यांवरसुद्धा नावं होती. त्या पाहणीच्या तीन वर्षं आधी आई गेली. तेव्हापासून बाबा घरी एकटेच होते आणि दुकानात जास्त वेळ काढत होते.

गुण कळवायला मी दुकानातूनच डॉक्टर भुसारी मॅडमना फोन लावला. अकरा बेरजा वाचून दाखवल्या. 

"विशाखा," मॅडम म्हणाल्या, "तुमच्या गावात दारू औषधालाही दिसत नाही."

"मॅडम, त्यांनी सांगितलं तेच मी लिहिलंय."

"सगळ्यांनी?"

"सगळेच म्हणतात, एक ग्लास."

"अगं, त्या गावात देशीची चार दुकानं आहेत. ती काय देव चालवतात? हे बघ, पुन्हा जा. पंचवीसपैकी निदान दहा जण तरी आठच्या वर असायला हवेत, तेव्हा कुठे मी तुमच्या गावाचं नाव पुढे करू शकेन. खोटं भरू नकोस. खरं विचारून ये."

मी रिसीव्हर ठेवला. ठोकण्याचा आवाज थांबला होता. बाबा हातोडी मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहत होते.

"का म्हणत होत्या?"

"म्हणतात, पुन्हा जा. नाहीतर डॉक्टर दुसऱ्या गावाला."

"म्हणजे? येनारच नाई?"

"दहा माणसं सापडली तर येतील."

"कितीच्या वर?"

"आठच्या. तुम्हाला एवढं काय झालं?"

"मले का होते?" बाबांनी हातोडी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "गावासाठी म्हणतो. यादवनं किती सांगितली?"

"नाव घेऊन बोलता येत नाही, बाबा. गुप्त असतं."

"बरं. एका माणसानं किती सांगितली?"

"एक ग्लास."

"दुसऱ्यानं?"

"एक ग्लास. सांगितलं ना, सगळ्यांनीच."

"ग्लास कोणता?"

"कोणता म्हणजे? ग्लास म्हणजे ग्लास!"

बाबा उठले आणि मागच्या फळीकडे बोट दाखवू लागले. "हा चहाचा. हा पंगतीचा. हा दुधाचा. हा मठ्ठ्याचा, याच्यात पोरगं बुडते. हा परभणीच्या माणसानं मागवला होता, मंग नेलाच नाई. हा ग्लास आहे का बादली ते त्यालेच माहीत. तुझ्या मॅडमनं यातल्या कोणत्या ग्लासाचं विचारलं?"

मी पिशवीतून कागद काढला. दुसऱ्या प्रश्नाखाली अगदी बारीक अक्षरांत छापलं होतं: एक माप म्हणजे तीस मिलिलिटर, अंदाजे एक लहान ग्लास. घाईघाईत मी त्यातला फक्त ग्लास उचलला होता. बाकीच्या चार गावांतही कदाचित हीच चूक झाली असेल, पण त्यांना माफी होती. मी भांड्यांच्या दुकानात वाढलेली मुलगी.

"तीस मिली म्हणजे किती?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे... थोडंसं."

"थोडंसं हे माप नाई होत."

त्यांनी पलीकडच्या औषधाच्या दुकानातून एक सिरिंज आणली. कोपऱ्यातून लांब दांड्याची तुपाची एक जुनी पितळी पळी काढली. सिरिंजनं तीस मिली पाणी मोजून पळीत ओतलं, पाण्याच्या रेषेवर सुईनं खूण केली आणि वरचा काठ कानशीनं घासायला बसले. घासायचं, पाणी ओतायचं, पाहायचं, पुन्हा घासायचं. अर्ध्या तासानं पळी काठोकाठ भरली आणि सिरिंज रिकामी झाली. एक थेंब उरला नाही.

"हे घे तुझ्या मॅडमचं माप," ते म्हणाले. "उद्या मी येतो सोबत."

"चालणार नाही. तिसऱ्या माणसासमोर प्रश्न विचारता येत नाहीत."

"मी तिसरा कुठं? मी तर माप आहे."

सकाळी मी मॅडमना विचारलं. त्या हसत सुटल्या. मग म्हणाल्या, "मापाबरोबर माणूस चालेल. पण मोजणी झाली की मापवाल्यानं बाहेर जाऊन बसायचं. प्रश्न एकटीनं विचारायचे."

*

"यादव, ग्लास आण," बाबा बाजेवर टेकत म्हणाले.

"कोणता?"

"ज्यात घेतो तो."

काका आत गेले आणि चहाचा काचेचा ग्लास घेऊन आले. बाबांनी तो उन्हात धरला. "याच्या बुडाले चहाचा डाग आहे, यादव."

तेवढ्यात आतून भांडी सरकवल्याचा आवाज आला. सुलोचनाकाकू बाहेर आल्या आणि त्यांनी स्टीलचा एक उंच ग्लास बाजेवर आपटला. मठ्ठ्याचा. आज काकू छताकडे पाहत नव्हत्या.

बाबांनी तो फिरवून पाहिला. स्वतःची अक्षरं वाचायला त्यांना चष्मा लागत नसे. "चिरंजीव सुलोचना हिस आईकडून सप्रेम भेट. सात मे चौऱ्याहत्तर." त्यांनी मान वर केली. "वा रे जावई! सासूबाईच्या आशीर्वादानं चाललं म्हन की."

"माझ्या मायनं मठ्ठ्यासाठी देल्ला होता जी," काकू म्हणाल्या. "वरून पाहत असन तिकडून."

"तू चूप राह्य ना," काका म्हणाले, पण त्यांनाच हसू आलं.

बाबांनी पाण्याची कळशी पुढे सरकवली. "आता रोज दारू ओततो तेवढं पानी याच्यात ओत. वरून मिसळतो ते नाई, नुसती दारू."

काकांनी चिमणी प्यायली असती एवढं पाणी ओतलं.

"बरं," बाबा म्हणाले. त्यांनी ते पाणी तुळशीत टाकलं. "एकदा अजून ओत. ग्लासाकडे नोको पाहू, माझ्याकडे पाह्य. यंदा धान कसं झालं तुझं?"

"धानाचं का सांगू मनोहरभाऊ," काकांनी कळशी उचलली, "नहराचं पानी वेळेवर सोडलं असतं तर दोन पोते तरी वाढले असते. तो पाटकरी, त्याले सांगून सांगून माझा घसा..."

मी काकांच्या हाताकडे पाहत होते. तोंड नहरावर होतं आणि हात आपलं काम करत होता. कळशी कलली, पाणी चढत गेलं, ग्लासाच्या अर्ध्यावर आलं आणि हात आपोआप थांबला. काकांचं वाक्यसुद्धा अजून संपलेलं नव्हतं.

"तोंड खोटं बोलते," बाबा मला हळूच म्हणाले. "हात नाई बोलत."

मग त्यांनी पळीनं ते पाणी एका लोट्यात मोजायला घेतलं. एक. दोन. तीन. चारला काका पुढे वाकले. पाचला ते बाजेवरून उठले. सहावी पळी अर्धी भरली.

"साडेपाच," बाबा म्हणाले.

"पळी लहान आहे तुमची."

"सरकारी पळी आहे."

"साडेपाच?" काका पुन्हा म्हणाले. या वेळी ते आम्हाला विचारत नव्हते. "मी तर, मनोहरभाऊ, एकच ग्लास समजून..."

"ग्लास एकच आहे, यादव. ते तू खरंच सांगितलं." बाबांनी पळी खांद्यावरच्या पंच्याला पुसली. "आता विशूशी बोल. मी बाहेर बसतो."

त्या दिवशी काकांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं नीट दिली. थांबवता न येण्याचा प्रश्न मी माझ्या मराठीत विचारला: सुरू केल्यावर थांबताच येत नाही, असं होतं का? ते म्हणाले, "होते न बाई. रोजच होते." बेरीज सतरा झाली.

पुढे दोन दिवस आम्ही असेच फिरलो. बाबांना इतकं हसताना मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बातमी आमच्या पुढे धावायला लागली. आम्ही पोचायच्या आत बायका ग्लास घासून ओसरीवर मांडून ठेवत. एकीनं पळी दोन दिवस उसनी मागितली. एक गृहस्थ आपले तीनच निघाले म्हणून इतके नाराज झाले, की त्यांनी पुन्हा मोजायला लावलं.

लांजेवार गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी मला चौथीला शिकवलं होतं. त्यांनी दारातच सांगितलं, "या घरात दारू नाही. मी फक्त औषध घेतो. रात्री एक चमचा. खोकल्यासाठी."

"खोकला कधीपासून आहे, गुरुजी?" मी विचारलं.

"निवृत्त झालो तेव्हापासून."

"गुरुजी," बाबा अतिशय नम्रपणे म्हणाले, "चमचा पाहू का जी?"

गुरुजींनी थोडे आढेवेढे घेतले आणि स्वयंपाकघरातून वरणाचा डाव आणला. बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि उलटा केला. दांड्यावर त्यांचीच अक्षरं होती: श्री. लांजेवार गुरुजी यांस निवृत्तीनिमित्त शिक्षकवृंदाकडून. डाव चार पळ्यांचा निघाला. गुरुजींनी पळी हातात घेऊन पाहिली. मग शाळेत म्हणत तसं म्हणाले, "विशाखा, आकडा स्पष्ट लिही. चार आणि सात सारखे दिसतात तुझे."

रोज घरी परतताना बाबांचा एकच प्रश्न असे. "आठच्या वर किती झाले?"

"पाच."

"आता येईन ना डॉक्टर?"

"दहा लागतात, बाबा."

"डॉक्टर कसा असतो तो? रागवते का?"

"नाही हो. नुसतं बोलतात. औषध देतात."

"सगळ्यांसमोर बोलावते का एकेकाले?"

"एकेकाला. तुम्ही का एवढी चौकशी करताय?"

"लोक विचारतात मले," बाबा म्हणाले. "मापवाला म्हणून."

*

शनिवारी सकाळी चोवीस कागद पुरे झाले होते. मी स्वयंपाकघरात पाटावर बसून बेरजा पुन्हा तपासल्या. आठच्या वर नऊ जण. दोनदा मोजले, नऊच. बाराच्या बसनं मला नागपूरला निघायचं होतं.

"किती?" बाबांनी स्टोव्हवर चहा ठेवता ठेवता विचारलं.

"नऊ. एक कमी पडला."

"पंचवीस घरं होती ना?"

"पंचविसावं आपलंच आहे. यादीत आलंय. ते काय, शून्य लिहायचं."

"विचारल्याशिवाय?"

"बाबा!"

"नियम आहे ना तुझा? यादवले विचारलं, गुरुजीले विचारलं. मले का सूट?"

मी हसले आणि शेवटचा कोरा कागद काढला. वरच्या कोपऱ्यात तारीख घातली, १८-१-०३. गंभीर आवाज काढून विचारलं, "श्री. मनोहर रासने, आपण दारू किती वेळा घेता?"

"रोज," बाबा म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं. मला त्यांचा राग आला आणि मायाही वाटली. "हे बघा, बाबा. दहावा माणूस पाहिजे म्हणून असं नाही करता येत. मॅडमनी बजावलंय, खोटं भरायचं नाही."

"ग्लास आणू?" ते म्हणाले.

ते दुकानात जाऊन आले. हातात स्टीलचा साधा ग्लास होता, दुधाच्या मापाचा. मी तो घेतला आणि सवयीनं फिरवून नाव शोधलं. कुठेच नाव नव्हतं. बुडाखालीही नाही. आमच्या घरात नाव नसलेलं भांडं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

तरी मी अडून राहिले. कळशी त्यांच्याकडे सरकवली आणि म्हटलं, "ओता. ग्लासाकडे नाही पाहायचं. माझ्याकडे पाहा."

"शिकली," बाबा म्हणाले.

"आई पहिल्यांदा या घरात आली तेव्हा तिनं पातोडीची भाजी केली होती ना? काय झालं होतं?"

ही गोष्ट त्यांनी मला शंभरदा सांगितली असेल. त्यांचा चेहरा लगेच उजळला. "अवं, भाजी का होती ती? हळदीचा डबा समजून तिनं तिखटाचाच डबा... आणि माझा बाप, तो बोलनाराच नव्हता, डोळ्यांतून पानी आलं तरी म्हनते, सूनबाई, अजून वाढ..." ते हसत होते. कळशी कलली होती. पाणी चढलं आणि थांबलं.

मी ग्लास रिकामा केला. "पुन्हा."

दुसऱ्यांदा मी त्यांना माझ्या बारशाचं विचारलं. तिसऱ्यांदा दुकानाच्या पाटीचं. तीन वेळा पाणी त्याच जागी थांबलं. पळी मीच घेतली. एक, दोन, तीन. 

"तीन," मी म्हटलं.

"तीनच होतात," बाबा म्हणाले. "परवा मीही मोजले. आधी माहीत नव्हतं."

"कधीपासून?"

"तुझी आई गेली तेव्हापासून. दुकानाचं शटर ओढतो न, त्याच्यानंतर घरी यावं वाटत नाई. मंग थोडा वेळ तिथंच."

"मला का नाही सांगितलंत?"

"कोणी विचारलंच नाई," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. "आता विचारलं, तर सांगितलं."

चहा उतू गेला. बाबांनी स्टोव्ह बंद केला, फडक्यानं पुसून घेतलं आणि समोर येऊन बसले. "विचार. आठ प्रश्न राह्यले. का मापवाल्यानं बाहेर जाऊन बसायचं?"

मला हसू आलं. मग मी विचारत गेले. ठरवूनही थांबता आलं नाही, असं होतं का? आठवड्यातून एखाद्या वेळी. सकाळी उठल्याबरोबर लागते का? नाही. पिऊन कोणाला इजा? नाही. नंतर मनाला लागतं का?

"रोज," बाबा म्हणाले.

मी चार लिहिले.

शेवटचा प्रश्न मला पाठ होता, तरी मी कागदात पाहून वाचला. "आपल्या पिण्याबद्दल नातेवाईक, मित्र किंवा डॉक्टर यांपैकी कोणी काळजी बोलून दाखवली आहे का?"

"कोणाले माहीत होतं? शून्य लिही."

मी त्याच्यासमोरही चार लिहिले.

बाबांनी वाकून पाहिलं. "हे खोटं होते ना, बेटा."

"नाही," मी म्हटलं. "आजच दाखवली."

 त्यांनी कागद स्वतःकडे ओढला आणि बोटानं आकडे जुळवले. चार, एक, तीन, चार, चार.

"सोळा," ते म्हणाले. "पास?"

"पास."

"मंग येईन डॉक्टर?"

"येतील."

"ऊठ," बाबा म्हणाले. "बस चुकन तुझी."

*

होळीनंतरच्या मंगळवारी ग्रामपंचायतीच्या खोलीत डॉक्टर आले. मी मुद्दाम सुट्टी काढून गेले होते. सकाळी नऊपासून खोलीसमोरच्या कडुनिंबाखाली दहा-बारा माणसं उभी होती. सगळी योगायोगानं तिथून जात असल्यासारखी. आत कोणी जाईना. बाबा धुतलेला सदरा घालून आले, कोणाकडे न पाहता सरळ आत गेले आणि वीस मिनिटांनी बाहेर आले.

"का म्हनते?" यादवकाकांनी विचारलं.

"काही नाई. बोलते. खुर्ची देते बसाले."

"खुर्ची देते?" काका म्हणाले आणि आत गेले. त्यांच्यामागून लांजेवार गुरुजी. त्यांनी पुरावा म्हणून डाव सोबत आणला होता.

गेल्या मार्गशीर्षात बाबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. शेवटपर्यंत दुकान चालवत होते. तेरवीला ग्लास वाटायचं ठरलं. त्यांच्या दुकानातलेच एकावन्न ग्लास काढले आणि नाव घालायला शेजारच्या यंत्रवाल्याकडे दिले. एका सकाळीच काम झालं. अक्षरं चांगली सरळ आली होती. बाबांना आवडली नसती.

दुकान आवरताना, जिथे ते मांडी घालून बसत त्या फळीखाली, फडक्यात गुंडाळलेली तुपाची पळी सापडली. पळीसोबत तो बिननावाचा ग्लास होता. तो त्यांनी तेव्हाच फेकला असेल, अशी माझी समजूत होती.

आता त्याच्यावर अक्षरं होती. बाहेरच्या अंगाला एकाखाली एक बारीक आडव्या रेघा, प्रत्येक रेघेजवळ तारीख, ठिपक्याला ठिपका लावून काढलेली. सगळ्यात वरची २५-३-०३, डॉक्टर पहिल्यांदा आले त्या मंगळवारची. मी पाणी आणलं आणि पळीनं ओतून पाहिलं. वरच्या रेघेला बरोबर तीन पळ्या. मग रेघा खाली खाली सरकत गेल्या होत्या, काही घाईनं, काही फार हळू. एके ठिकाणी दोन महिने रेघ जागची हललीच नव्हती, आणि एके ठिकाणी ती पुन्हा थोडी वर चढून खाली आली होती. शेवटची, बुडाला टेकलेली, १३-४-०४. त्याखाली रेघ मारायला जागाच नव्हती.

मी पाणी ओतून टाकलं, ग्लास पुसला आणि सवयीनं उलटा करून पाहिला.

बुडावर, आहेराच्या भांड्यावर घालत तसं गोलाकार, त्यांनी घातलं होतं: मनोहर रासने यांस चि. विशाखा हिजकडून सप्रेम भेट. दि. १८-१-०३.